नारिंगी बुचं

माझे सासरे होरेस ग्रमिट तेहतीस वर्षं रोज खाजणात, समुद्रालगतच्या खाऱ्या दलदलीत जात होते. रोज म्हणजे रोज, नाताळच्या दिवशीसुद्धा, आणि मोठ्या भरतीनंतर तर दोनदा. खांद्यावर खताची रिकामी गोणी, हातात टोकाला खिळा ठोकलेली काठी. भरती ओसरली की खारबांधाच्या पायथ्याशी वाळक्या गवताची आणि काटक्याकुटक्यांची लांबच लांब रेघ राहते. तिच्या कडेने ते मान खाली घालून चालायचे आणि काही नारिंगी दिसलं की थांबायचे.

गावात नवीन राहायला आलेल्यांना वाटायचं, म्हातारा किनारा साफ करतो. गावसभेने एकदा त्यांना प्रशस्तिपत्रही दिलं होतं. ते त्यांनी गपचूप घेतलं आणि घरी येऊन चुलीत घातलं.

ते वेचायचे ती काडतुसातली बुचं. काडतुसाच्या तळाशी दारू असते, वर छर्रे, आणि दोन्हींच्या मध्ये बूच. पूर्वी ते नमद्याचं असायचं, दाबलेल्या लोकरीचं. बार झाला की कुठेतरी पडायचं आणि पावसापाण्यात कुजून जायचं. नंतर प्लॅस्टिकची बुचं आली. छोटीशी वाटी असते. बंदुकीच्या नळीतून बाहेर पडली की तिच्या चार पाकळ्या उघडतात, छर्रे पुढे जातात आणि वाटी तीस-चाळीस पावलांवर चिखलात पडते. पडते ती पडूनच राहते. भरती तिला इकडून तिकडे नेते, एवढंच.

होरेस स्वतःची काडतुसं स्वतः भरायचे. एकोणऐंशी साली किंग्ज लिनकडचा एक छोटा कारखाना बंद पडला तेव्हा तिथली बुचं त्यांनी पिंपांनी उचलून आणली. सगळी नारिंगी. आमच्या गेडफ्लीटच्या किनाऱ्यावर बाकी शिकाऱ्यांची बुचं पांढरी नाहीतर मळकी असायची. नारिंगी फक्त ग्रमिटांची.

क्लाइव्ह त्यांचा एकुलता एक मुलगा. माझा नवरा. एकोणनव्वदच्या जानेवारीत तो रानहंसांच्या शिकारीला खाजणात गेला आणि परत आला नाही. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, लग्नाला अडीच वर्षं झाली होती. आमचं घर आणि होरेसचं घर एकाच भिंतीला लागून होतं, अजूनही आहे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे होरेस जेवायला-खायला आमच्याकडेच असायचे.

आदल्या संध्याकाळी बापलेकांचं भांडण झालं होतं. क्लाइव्ह लेगटांच्या गोठ्यावर कामाला होता. लेगटांच्या गाई उन्हाळाभर खाजणात चरायच्या. डिसेंबरपासून त्यांची एक कालवड काही खाईना, वाळत गेली आणि त्या दिवशी मेली. जनावरांच्या डॉक्टरने तिचं पोट फाडून पाहिलं.

"सतरा निघाली, डॅड," क्लाइव्ह म्हणाला. हात धुतले नव्हते त्याने अजून. "सतरा. सगळी नारिंगी. लेगट माझ्यासमोर एकेक करून बादलीत टाकत होते."

"डॉक्टर काय म्हणाला? त्यानेच मेली?"

"नक्की सांगता येत नाही म्हणाला."

"मग झालं तर."

"काय झालं? परत नमद्याची भरा की. आजोबा भरायचे."

"नमदा भिजला की छर्रे कुठच्या कुठे जातात ते तुला काय सांगायचं? तुझा नेम दोन्हींत चुकतो." होरेसनी माझ्याकडे बघून डोळा मारला. "गाईंचा एवढा पुळका आला असेल तर बंदूक ठेव खाली आणि बायकोकडून विणकाम शिकून घे."

मी हसले. कशाला हसले कोण जाणे. क्लाइव्हने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"यापुढे तुमचं काडतूस माझ्या बंदुकीत जाणार नाही," तो म्हणाला. "लिहून ठेवा कुठेतरी."

होरेस दार आपटून निघून गेले. पण तासाभराने बाहेर पावलं वाजली. मी पडद्याआडून बघितलं. त्यांनी आमच्या पायरीवर काडतुसांचा एक खोका ठेवला, नव्याने भरलेल्या पंचवीस काडतुसांचा, आणि चोरासारखे परत गेले. माफी मागण्याची त्यांची तीच रीत. तोंडाने मागितलेली मी कधी ऐकली नाही.

पहाटे साडेपाचला क्लाइव्ह निघाला. भरती पावणेअकराची होती. नऊच्या आत येतो म्हणाला. आमची कुत्री टेस त्याच्याबरोबर होती.

नऊला होरेस नाश्त्याला आले. दारातच थांबून पायरीकडे बघत राहिले. खोका तिथे नव्हता.

"घेतला वाटतं शहाण्याने," ते म्हणाले. इतके खूश मी त्यांना फार कमी वेळा पाहिलंय. मी तव्यावरचं बेकन उलटलं.

धुकं साडेनऊच्या सुमाराला उतरलं. आमच्याकडे धुकं समुद्रावरून चालत येतं. आधी खारबांध गेला, मग लेगटांचं कुंपण, मग अंगणातली दोरी. क्लाइव्ह अजून आला नव्हता. आणि मग खाजणातून बार ऐकू आले.

एक. मग थोडा वेळ काहीच नाही. दोन. परत तेवढाच वेळ. तीन.

खाजणात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सारख्या अंतराने तीन बार म्हणजे वाट चुकली, या. शिकाऱ्याच्या घरातल्या बायकांनाही ठाऊक असतं.

"डॅड," मी म्हटलं, "तीन झाले."

"धुक्यात हंस खाली येतात. हात धुऊन घेतोय लेकाचा." त्यांनी कप पुढे केला. "ओत अजून."

मी ओतला. त्यांनी तो सावकाश प्यायला. पावाने ताटली पुसून घेतली. सव्वादहाला ते उठले, बूट घातले आणि खारबांधावर जाऊन हाका मारायला लागले. तोवर ओहोळ भरत आले होते. अकराला मी तटरक्षकांना फोन केला. धुक्यात हेलिकॉप्टर उडेना, होडी गेली आणि रिकामी आली. बाराच्या पुढे टेस एकटी घरी आली, पोटापर्यंत चिखलाने माखलेली, आणि चुलीपुढे जाऊन बसली. क्लाइव्ह सापडला नाही. बंदूकही नाही. वॉशचा, म्हणजे आमच्या उथळ खाडीचा चिखल खोल आहे, त्यातून सगळंच वर येत नाही.

होरेसच्या चकरा मार्चमध्ये सुरू झाल्या. का ते मला पहिल्यांदा समजलं नाही. एक दिवस शेडमध्ये त्यांना बोलवायला गेले तर ते गोणी उपडी करून बसले होते. नारिंगी बुचं एकेक करून धुवायची, पाकळ्या उघडायच्या, उजेडात धरायची.

"तीन त्याची आहेत, पोरी," ते म्हणाले. "माझ्याच हातची. ती कुजणार नाहीत. आज ना उद्या येतील वर."

"ओळखाल कशी?"

"ओळखता नाही आली तरी चालेल. सगळी आणली की त्यात ती आलीच."

एवढंच होतं ते. बाप मुलाचं शेवटचं बोलावणं शोधत होता, आणि प्लॅस्टिक टिकतं म्हणून त्याला आशा होती. सत्त्याण्णव साली एका लांब ओहोळाच्या तोंडाशी त्यांना तीन बुचं एका हाताच्या अंतरात सापडली. ती त्यांनी तंबाखूच्या डबीत घातली आणि डबी कोटाच्या आतल्या खिशात. तेव्हा मला वाटलं, आता थांबतील. थांबले नाहीत. "हीच कशावरून?" म्हणाले.

आता जे मी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगते. खोका क्लाइव्हने घेतलाच नव्हता. पहाटे त्याने तो पायरीवर पाहिला, पायाने बाजूला सरकवला आणि मला म्हणाला, "हा ठेव कुठेतरी, मला दिसायला नको." वर माळ्यावर त्याच्या आजोबांची जुनी नमद्याची काडतुसं होती. ती त्याने पट्ट्यात भरली. मीच बॅटरी धरली होती. होरेसचा खोका मी शिवणाच्या मशीनच्या पेटीत टाकला, आणि तो तिथेच राहिला.

म्हणजे त्या तीन बारांचं काही उरलेलं नव्हतं. लोकर होती, एकोणनव्वदच्या उन्हाळ्यापर्यंत कुजूनही गेली असेल.

का नाही सांगितलं? पहिल्या महिन्यात जीभ रेटली नाही. मुलगा आपली काडतुसं घेऊन गेला, म्हणजे राग सोडून गेला, एवढ्या एका गोष्टीवर होरेस उभे होते. नंतर एक वर्ष गेलं, मग पाच. सातव्या वर्षी कोर्टाने क्लाइव्ह मेल्याचा कागद दिला. मी कोबी-फ्लॉवर पॅक करायच्या कारखान्यात काम करत राहिले, संध्याकाळी दोघांचं रांधत राहिले आणि भिंतीपलीकडे नळाखाली बुचं धुतल्याचा आवाज ऐकत राहिले. माणसाला भुतं दिसतात म्हणतात. मला तो नळ ऐकू यायचा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात शिकारी क्लबची सभा होती. सभागृहात दुपारचा चहा, केक आणि एकच विषय: येत्या मोसमापासून खाजणात प्लॅस्टिकच्या बुचांना बंदी. क्लबचा नवा सेक्रेटरी कॅलम टनार्ड तिशीतला आहे, बोलायला गोड. होरेस क्लबचे सर्वांत जुने सभासद, त्यांना त्याने पुढच्या रांगेत बसवलं. मी त्यांना गाडीने घेऊन गेले होते, म्हणून मीही बसले.

कॅलमने एक नवं बूच वर धरून दाखवलं. दिसायला तसंच, पाकळ्याबिकळ्या सगळ्या, रंगाने मात्र पांढुरकं. कोमट पाण्याच्या ग्लासात ते सोडून ग्लास टेबलावर ठेवला.

"चहा होईपर्यंत बघत राहा," तो म्हणाला.

"आणि पावसात माझ्या खिशातच विरघळलं तर?" मागून कोणीतरी ओरडलं.

"तुझ्या नेमाला काय फरक पडणार आहे, बॅरी?" हशा झाला.

होरेस हसले नाहीत. ते ग्लासाकडे बघत होते. आधी पाकळ्या मऊ पडल्या, मग वाकल्या. चहाचे कप गोळा होईपर्यंत ग्लासात दुधट गढूळ पाणी आणि तळाशी शेंबडासारखं काहीतरी, एवढंच राहिलं होतं.

"आणि उद्या?" होरेसनी विचारलं.

"उद्या तेही नाही, मिस्टर ग्रमिट. काही म्हणजे काही मागे राहत नाही." कॅलम हसत होता. "हीच तर गंमत आहे."

"आणि माणूस हरवला तर?"

कॅलमचा चेहरा पडला. बिचारा तेव्हा जन्मलाही नव्हता, पण गोष्ट त्याला माहीत होती. होरेस उठले, टोपी घातली आणि चालू पडले. मतदान त्यांच्यामागे झालं. विरोधात एकही हात नव्हता.

मतदान झाल्यावर मी घरी पोचले तर ते चालत येऊन शेडमध्ये गेले होते. तेहतीस वर्षांची बुचं तिथे पिंपांत, बादल्यांत, सरबताच्या बरण्यांत भरलेली. वरची नारिंगी, खालची उन्हाने फिकी पडून गाजराच्या सालीसारखी झालेली. ते स्टुलावर बसले होते.

"एखादा पोरगा जाईल आत," ते म्हणाले, "आणि त्याच्या बापाला शोधायला काहीही राहणार नाही. आणि हे लोक टाळ्या वाजवतायत."

मी घरात गेले. शिवणाच्या पेटीतून खोका काढला आणि आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

खोक्यावर त्यांच्याच हाताने लिहिलेली तारीख होती. ती त्यांनी वाचली. झाकण उघडलं. बोटाने एकेक काडतूस मोजलं, मग परत पहिल्यापासून मोजलं.

"पंचवीसच्या पंचवीस," ते म्हणाले.

"तो नमद्याची घेऊन गेला, डॅड. आजोबांची. मी बॅटरी धरली होती."

मग त्यांनी मान वर केली आणि भिंतीभर लावलेल्या पिंपांकडे, बरण्यांकडे पाहिलं.

"मग ही कोणाची वेचत होतो मी?"

"तुमची," मी म्हटलं. "सगळी तुमचीच आहेत. तुम्ही उडवलेली."

त्यांनी मला हाताने जायची खूण केली. मी गेले.

अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवण मी त्यांच्या पायरीवर ठेवायचे, रिकामी थाळी पायरीवर मिळायची. खाजणाकडेही ते फिरकले नाहीत. बाराव्या दिवशी सकाळी दार वाजलं.

"गाडी काढ," ते म्हणाले. "मागच्या सीटा पाड."

चार खेपा झाल्या. नगरपालिकेच्या कचरा डेपोवर पिवळं जाकीट घातलेला एक माणूस होता. त्याने एका बरणीचं झाकण उघडून आत पाहिलं. "हे काय, आजोबा? खेळणी?"

"काडतुसातली बुचं."

"मग परत वितळवायच्या ढिगात नाही घेता येणार. तिकडे, सहा नंबर. साधा कचरा."

"त्याचं काय करता?"

"पुरतात."

"मग?"

"मग काय? पुरतात." तो माणूस दुसऱ्या गाडीकडे वळला.

होरेसनी एकेक पिंप स्वतः ओतलं, मला हात लावू दिला नाही. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस. ओतताना बुचांचा आवाज होत होता, ओंजळभर शिंपले सांडावेत तसा. कोटाच्या खिशातली डबी त्यांनी टाकली की नाही, मला माहीत नाही. मी बघितलं नाही आणि कधी विचारलं नाही.

गाडीत येऊन बसल्यावर मी किल्ली फिरवली तर त्यांनी हात माझ्या मनगटावर ठेवला.

"बंद कर जरा."

मी बंद केली.

"मी मोजले होते ते बार," ते म्हणाले. "मधलं अंतर सारखं होतं."

"मी पण मोजले होते."

"माहीत आहे. तू म्हणालीस की मला." ते समोरच्या काचेतून सहा नंबरकडे बघत होते. "मला कळलं होतं, पोरी. आणि तरी मला वाटत होतं, बघा, कशी चालतायत माझी काडतुसं. काल नको म्हणत होता, आणि आज बघा. मी तिथे बसून माझ्याच काडतुसांचा आवाज ऐकत होतो. कौतुकाने. म्हणून तो दुसरा कप."

मी स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"त्याच वेळी सांगितलं असतंस, खोका त्याने नेला नाही म्हणून..." ते थांबले. "तर उठलो असतो का मी?"

"मला नाही माहीत, डॅड."

"मलाही नाही," ते म्हणाले. आणि मग, "चल."

त्या दिवसानंतर आम्ही त्याबद्दल बोललो नाही. पण धुकं पडलं की होरेस सकाळी लवकर माझ्याकडे यायला लागले. न बोलावता यायचे, खाजणाकडची खिडकी सताड उघडायचे आणि तिच्यापाशी खुर्ची ओढून बसायचे. मीही बसायचे. स्वयंपाकघरात थंडी भरायची, चहा ओतल्या ओतल्या गार व्हायचा. मोसमात दहा-बारा दिवस तरी असे येतात. बहुतेक वेळा काहीच ऐकू यायचं नाही, फक्त हंसांचा कालवा, कुठे ते कळत नाही असा.

गेल्या नोव्हेंबरात असंच एकदा दाट धुकं होतं. साडेआठ वाजले असतील. कॅलम आणि आणखी दोघे आत गेलेत हे आम्हाला ठाऊक होतं, त्यांच्या गाड्या खारबांधाखाली उभ्या होत्या.

एक बार झाला.

होरेसनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही. मी मनात मोजायला लागले होते आणि ते ओठांनी मोजत होते.

दुसरा झाला. अंतर तेवढंच होतं, किंवा मला तेवढंच वाटलं. मी फोन उचलून मांडीवर घेतला. होरेस उठले, खुंटीवरचा कोट अंगात घातला, वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली आणि दाराची कडी धरून उभे राहिले.

तिसरा बार आला नाही. दहाच्या सुमाराला कॅलम आणि त्याचे दोघे सोबती हसत-खिदळत बांधावरून उतरले, एकाच्या खांद्यावर दोन हंस लटकत होते. खिडकी उघडी बघून त्याने हात हलवला. मीही हलवला.

"आले," मी होरेसना म्हटलं. "तिघेही आले, डॅड. बसा आता."

ते बसले. पण कोट त्यांनी दुपारपर्यंत काढला नाही.